गोणीवरचं ‘नैसर्गिक’

मराठी मंडळाच्या अंकात कोळंबीच्या तळ्यांवर लेख कशाला, असं काहीजण विचारतील. माझं उत्तर सरळ आहे. या विषयात अर्धा घोळ एका विशेषणाने घातलाय, आणि विशेषणांवर लक्ष ठेवणं हे आपलं, म्हणजे साहित्य शिकणाऱ्यांचं, काम आहे. ते विशेषण म्हणजे ‘नैसर्गिक’. साबणावर, केसांच्या तेलावर, चिप्सच्या पाकिटावर ते आपण रोज वाचतो आणि सोडून देतो. पण हल्ली ते कोळंबीच्या तळ्यात टाकायच्या पावडरींच्या गोण्यांवर आणि अर्कांच्या कॅनवरही असतं. तिथे ते सोडून देण्यासारखं नाही, कारण तळ्यातलं पाणी शेवटी नदीतच येतं आणि नदी काही तळंवाल्याच्या एकट्याची नसते.

(आमच्या घरी ती सुंगटं, मराठीच्या तासाला कोळंबी. इथे कोळंबीच लिहिते. जेवताना सुंगटंच म्हणणार, ते सोडा.)

वनस्पतींकडे लोक वळले ते उगाच नाही, हे आधी सांगायला हवं. १९९४च्या सुमारास भारताच्या तळ्यांत व्हाईट स्पॉट हा विषाणूचा रोग आला आणि टायगर कोळंबीची तळीच्या तळी बसली. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे बारावीच्या जीवशास्त्रातही आहे. तरी घाबरलेला माणूस हातात येईल ते औषध पाण्यात टाकतो. क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही औषधं कोळंबीत वापरायला बंदी आहे. पहिल्याचा संबंध माणसाच्या हाडांमधल्या मगजाचं रक्त तयार करण्याचं काम बंद पडण्याशी आहे. तरी २००० नंतरच्या वर्षांत युरोपातल्या तपासण्यांमध्ये भारतासह अनेक आशियाई देशांच्या कोळंबीत त्यांचे अंश सापडले. माल परत आला. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतातल्या तळ्यांच्या कोळंबीची तपासणी वाढवली. पूर्वी शंभरातल्या दहा खेपा तपासायचे, त्या पन्नास झाल्या. शिवाय या औषधांना न जुमानणारे जीवाणू तळ्यातच राहत नाहीत, ते आपल्यापर्यंत पोचतात. अशा वेळी कुणी लसूण, तुळस, पेरूची पानं, कडुनिंब यांचा अर्क खाद्यात मिसळून पाहत असेल, तर मी त्याच्याच बाजूची आहे. प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये अशा अर्कांनी विब्रिओ जातीच्या जीवाणूंविरुद्ध कोळंबी अधिक तग धरते, असे निष्कर्ष बरेच आहेत. तळं ही टाकी नव्हे, हा फरक राहतोच. पण दिशा चुकीची नाही.

माझं भांडण दिशेशी नाही, गोणीवरच्या त्या शब्दाशी आहे.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उदाहरण घेऊ. कोळंबीचं बी सोडण्याआधी तळ्यात आपोआप शिरलेले मासे मारावे लागतात. बाजारात चोणक दिसला की आपण दर विचारून गप्प बसतो. तोच चोणक तळ्यात असला तर तो कोळंबी खाऊन मोठा होत असतो. शेवटे आणि काळुंदरं कोळंबीच्या मागे लागत नाहीत, पण खाद्यात वाटेकरी होतात. त्यांना मारायला आशियात ठिकठिकाणी चहाच्या बियांची पेंड वापरतात. तेल काढल्यावर उरलेला चोथा, म्हणजे पूर्ण वनस्पतीच. त्यात सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो. आपल्याला तो नवा नाही. रिठ्याचा फेस येतो तो सॅपोनिनमुळे, शिकेकाईचाही. केसांना जे बरं ते माशाला मात्र जीवघेणं. ते माशाच्या कल्ल्यांना इजा करतं, रक्तात शिरलं की तांबड्या पेशी फोडतं, आणि मासा पाण्यात असून गुदमरतो. कोळंबीच्या रक्तात तांबड्या पेशी नाहीतच. तिच्या रक्तात प्राणवायू वाहणारा पदार्थ लोहाचा नसून तांब्याचा, निळसर, थेट रक्तद्रवात विरघळलेला असतो. त्यामुळे ज्या पाण्यात मासा उलटा होतो, त्याच पाण्यात कोळंबी निवांत फिरते.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा फार सुंदर वाटली होती. अजूनही वाटते. एकाच तळ्यात एकाला विष आणि दुसऱ्याला काहीच नाही! पण सुंदर असली तरी ती विषाचीच गोष्ट आहे, आणि विषाच्या गोष्टीत आकडे लागतात. चहाच्या पेंडीचं प्रमाण साधारण दशलक्ष भागांना पंधरा ते तीस भाग, म्हणजे एका घनमीटर पाण्याला पंधरा ते तीस ग्रॅम, असं सांगतात. एक हेक्टर तळं, मीटरभर पाणी, म्हणजे दहा हजार घनमीटर, एक कोटी लिटर. वीस ग्रॅमने हिशेब केला तर २०० किलो पेंड. पाणी जितकं खारं तितकं सॅपोनिन अधिक लागतं, म्हणून खाऱ्या पाण्यात कमी पुरते. पाणी गोडसर असेल तर जास्त घालावी लागते. म्हणजे पावसाळा संपता संपता जे प्रमाण बरोबर, तेच एप्रिलमध्ये जास्त. आपल्या खाड्यांत खारटपणा महिन्यागणिक बदलतो, हे इथल्या प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक आहे.

मोहाच्या पेंडीचं गणित आणखी वेगळं. तिच्यातही सॅपोनिनच, पण ती घनमीटरला अडीचशे ग्रॅमपर्यंत टाकतात, म्हणजे त्याच तळ्याला अडीच टन. तिचं विष दोन-तीन आठवडे टिकतं, मग तीच पेंड कुजून पाण्याला खत होते. चहाच्या पेंडीचं विष त्या मानाने लवकर, काही दिवसांत उतरतं. दोन्ही गोण्यांवर ‘नैसर्गिक’ लिहिता येईल आणि ते खोटं ठरणार नाही. पण एका गोणीनंतर तळं काही दिवस थांबायला हवं आणि दुसरीनंतर काही आठवडे. हा फरक त्या शब्दात कुठे आहे?

आता घरची गोष्ट. माझे एक तियू मांडवीच्या बाजूला खाजनातली एक लहान पोय भाड्याने घेऊन कोळंबी करतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे एक पावडर आली. कुणी विकली ते महत्त्वाचं नाही, नाव मी लिहिणारही नाही. पाकिटावर हिरवं पान, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘कोणताही दुष्परिणाम नाही’. घटकांच्या जागी ‘औषधी वनस्पतींचे अर्क’ एवढंच, आणि प्रमाणाच्या जागी ‘गरजेनुसार’. गरज कुणाची? मी तियूंना विचारलं की पाणी सोडायच्या आधी किती दिवस थांबायचं ते कुठे लिहिलंय. ते हसले आणि म्हणाले, “झाडपाल्याचें वखद गो, कितें जातलें?” पावडर टाकली. मासे वर आले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मानस उघडली.

मानशीखाली ओहोटीला बायका खुबे आणि तिसऱ्या काढायला येतात. कुणीतरी लहान जाळंही लावून बसलेलं असतं. त्या दिवशी खाली काही मेलं का? मला सांगता येणार नाही, कारण पाहायला कुणी गेलंच नाही. पाहायला जायचं असतं असंही कुणाला वाटलं नाही. पाकिटावरच्या शब्दाने पहिलं काय केलं असेल, तर माणसाची शंकाच काढून घेतली. तियू बेफिकीर नाहीत. कीटकनाशकाचा डबा असता तर ते पाणी सोडायला घाबरले असते, नाकाला रुमाल बांधला असता, शेजाऱ्याला सांगितलं असतं. कवटीचं चित्र माणसाला सावध करतं. हिरवं पान झोपवतं.

इथे खाजनांविषयी थोडं लिहिते, कारण बाहेरून आलेल्या मित्रमैत्रिणींना ही शेती फक्त फेरीबोटीतून दिसते. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते. पावसात आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात आणि पोयीत मासळी. मूळ हिशेबात भात पहिलं, मासळी दुसरी, आणि दोन्हीसाठी पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं हे एकट्याने ठरवायचं नसे. पुढे मानशीच्या पावणीला, म्हणजे मासळीच्या लिलावाला, मोठे पैसे येऊ लागले. कोळंबी आत यावी म्हणून भरतीलाही दारं उघडी राहू लागली, शेतात खारं पाणी शिरलं, आणि कितीतरी ठिकाणी भात बंद झालं. सांगायचा मुद्दा असा की या जमिनीत कुठलीच गोष्ट एका तळ्यापुरती नसते. दार एकाने उघडलं की पाणी सगळ्यांना लागतं.

‘मग पूर्वीचे लोक वनस्पती वापरत नव्हते का?’ असं कुणी म्हणेल. वापरत होते. गेळफळं ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, हा प्रकार आपल्याकडच्या गावांना माहीत आहे. गेळफळातही सॅपोनिनच असतं. पण माझी शामाय ती गोष्ट सांगते तेव्हा ‘व्हाळाक वीख घातलें’ असंच म्हणते. वीख! झाडाचं फळ आहे म्हणून तिने त्याला सौम्य नाव दिलं नाही. जुन्या लोकांना मी उगाच मोठं करत नाही. त्या डोहात लहान पिल्लंही मरत असणार, आणि ते काही पर्यावरणवादी नव्हते. पण भाषा त्यांची स्वच्छ होती. विषाला विष म्हटलं की किती, कधी आणि खाली कोण पाणी पितं हे प्रश्न आपोआप येतात.

झाडातून आलेलं म्हणजे मवाळ, ही समजूत किती पोकळ आहे ते पाहायला दूर जायला नको. रोटेनोन हे डेरिस नावाच्या वेलीच्या मुळातून काढलेलं माशांचं विष. ते पेशींमधलं ऊर्जा तयार करण्याचं कामच रोखतं. उंदरांना ते दीर्घकाळ दिल्यावर पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली, म्हणून त्या आजाराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आज ते मुद्दाम वापरतात. तंबाखूची भुकटी फिलिपिन्सच्या तळ्यांत गोगलगायी मारायला टाकतात. निकोटिनही नैसर्गिकच.

आणि कडुनिंब. कडुनिंबाविरुद्ध आपल्याकडे बोलणं म्हणजे गावाच्या डॉक्टरविरुद्ध बोलणं. पण त्यातला अझाडिराक्टिन हा पदार्थ किडीचा नाश कसा करतो? कीड कात टाकते तेव्हा जे हार्मोन काम करतं, त्यात तो बिघाड करतो. कीड वाढतच नाही. आता कोळंबी घ्या. तीही वाढताना पुन्हा पुन्हा कवच टाकते, आणि तिचं कवच टाकण्याचं हार्मोन किड्यांच्याच जातीचं आहे. शेतातल्या किडीला मारणारी गोष्ट तळ्यातल्या कोळंबीला सोसेलच, असं धरून चालता येत नाही. खाद्यातून थोडं देणं वेगळं आणि पाण्यात फवारणं वेगळं. हे तळंवाल्याला कुणी सांगायचं? हिरवं पान तर सांगत नाही.

उलट बाजूही आहे. तळ्यात अमोनिया वाढला की युक्का नावाच्या वाळवंटी झाडाचा अर्क टाकतात. झाड मेक्सिकोकडचं, अर्क आंध्रच्या तळ्यांपर्यंत पोचलाय. त्यातही सॅपोनिन असतं! म्हणजे एकाच कुळातला पदार्थ एका कॅनमधून मासे मारायला येतो आणि दुसऱ्या कॅनमधून पाणी सुधारायला. दोन्हींवर एकच विशेषण. फरक आहे तो कुठलं झाड, कुठला भाग, कसा काढलेला अर्क आणि किती, यात. एकाच झाडाच्या पानातला अर्क पावसात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा निघतो. पाण्यात उकळलेला वेगळा, अल्कोहोलमध्ये काढलेला वेगळा. ‘अर्क’ या एका शब्दाने यातलं काहीच कळत नाही.

पणजीतल्या गार्सिया दे ओर्ता बागेत आपण सगळेच कधी ना कधी बसलोय. हा माणूस कोण, ते मला दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. पोर्तुगीज वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही औषधोपचाराला गेलेला. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. (त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, हेही बागेत बसताना आठवायला हरकत नाही.) मला त्या पुस्तकाची रचना आवडते. ते संवादात लिहिलंय. ओर्ता सांगतो आणि रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा त्याला अडवतो. हे झाड नक्की कुठलं, कुणी पाहिलं, जुने ग्रंथकार तर वेगळं सांगतात, मग तू कशावरून म्हणतोस? चारशे साठ वर्षांपूर्वी वनस्पतींविषयी लिहिणाऱ्याला असा शंका काढणारा माणूस मुद्दाम निर्माण करावासा वाटला. आज पाकिटावर ओर्तासुद्धा नाही, मग रुआनोचं काय.

विशेषणांना पैशात किंमत असते, हे कोळंबीच्या धंद्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर निकाल दिला. किनारपट्टीच्या नियमनक्षेत्रातली गहन कोळंबी-तळी काढून टाका, पारंपरिक पद्धतीची राहू द्या. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गोड्या विहिरी खाऱ्या झालेल्या शेतकऱ्यांची बाजू घेऊन हा गांधीवादी माणूस उभा होता. निकाल मोठा होता. पण त्या दिवसापासून ‘पारंपरिक’ हा शब्द तळं वाचवणारा झाला. २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी कायदा आणि प्राधिकरण आलं, नोंदणी आली. २००९ मध्ये वॅनामी ही पॅसिफिककडची कोळंबी आली आणि धंदा पुन्हा फुगला. आता ‘पारंपरिक’च्या शेजारी ‘नैसर्गिक’ येऊन बसलाय. दोन्ही शब्द चांगल्या घरचे, म्हणून कुणी त्यांची झडती घेत नाही.

यावर एक आक्षेप मला वर्गातच ऐकावा लागला. असं लिहिलंस तर लोक परत अँटिबायोटिककडे जातील, चांगल्या गोष्टीत खोट काढू नकोस. मला हे पटत नाही. वनस्पतींचे उपाय टिकावेत असं वाटत असेल तर ते औषधासारखेच मोजून-मापून द्यायला हवेत. नाहीतर एका वर्षी कुणाच्या तरी तळ्यात बी मरेल, कुणाच्या तरी जाळ्यात मेलेले शेवटे येतील, आणि मग ‘झाडपाल्याने काही होत नाही’ म्हणणारे लोकच ‘झाडपाला बेकार’ म्हणू लागतील. नुकसान त्या चांगल्या उपायाचंच होईल. व्हाईट स्पॉटवर खात्रीचा इलाज आजही नाही, तरी तो बरा करण्याचा दावा करणारा कुठलातरी वनस्पती-अर्क हातात घेतलेला तळंवाला फसतो तेव्हा फक्त त्याचे पैसे जात नाहीत. तो पुढच्या वेळी खऱ्या उपायावरही विश्वास ठेवत नाही.

मागणी फार मोठी नाही. पाकिटावर झाडाचं नाव, त्याचा कुठला भाग, एका घनमीटरला किती ग्रॅम, खाऱ्या पाण्यात किती आणि गोड्यात किती, आणि पाणी सोडण्याआधी किती दिवस थांबायचं. यातलं काही छापता येत नसेल तर ती वस्तू विकायला तयार झालेली नाही, असं माझं मत आहे. तळंवाल्यानेही सगळ्या पोयीत ओतण्याआधी बादलीभर तळ्याचं पाणी घेऊन, त्यात थोडी कोळंबी सोडून एक दिवस पाहावं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, बादली लागते.

आणि मानशीवर एक फळा लावावा. कुठल्या तारखेला काय टाकलं, किती किलो, दार कधी उघडणार. खाली खुबे काढायला येणाऱ्या बाईला तो दिवस कळला तर ती तेवढे दिवस वरच्या अंगाला जाईल, तिची सोय तिला समजते. मी हे तियूंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच अडचण काढली, फळा कुठल्या लिपीत लिहायचा. देवनागरीत लिहा म्हटलं, मराठी नाहीतर कोंकणी. ते म्हणाले, मला रोमीच बरी. ठीक आहे, रोमीत लिहा. आकडे तेवढे मोठे काढा.